चोच फायबरची, वेत जंगलातला: न्यिशी टोपीचं प्रकरण

अरुणाचलच्या टोप्यांबद्दल मी वाचायला लागले ते खाम्पती लोकांच्या वेताच्या टोपीमुळे. खाम्पती म्हणजे नामसाई, चौखाम वगैरे लोहितच्या खोऱ्यातल्या सपाट भागात राहणारे लोक, भाषा ताई कुळातली, धर्माने थेरवादी बौद्ध, मुख्य काम भातशेती (त्यांच्या खाव ताई तांदळाला 2023 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं). त्यांची ती विणलेली रुंद काठाची टोपी बघितली की मला लगेच आपलं इरलं आठवतं, ऊन-पाऊस अंगावर घेत शेतात वाकून काम करणाऱ्या माणसाची गरज आणि हाताशी जे उगवतं त्यातून काढलेली सोय. पण वाचता वाचता मी पश्चिमेकडे सरकले, न्यिशी लोकांच्या टोपीपर्यंत पोचले आणि तिथेच अडकले. कारण त्या एका टोपीवरून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे घडलंय ते नीट मांडून ठेवण्यासारखं आहे असं मला मनापासून वाटतं, आणि मराठीत ते फारसं कुणी लिहिलेलं माझ्या तरी बघण्यात नाही.

आधी टोपी. न्यिशी ही अरुणाचलमधली सगळ्यात मोठी जमात, लोकसंख्या साधारण तीन लाख. पुरुष जी वेताची टोपी घालतात तिला ब्योपा म्हणतात, कुणी बोपिया पण म्हणतं. पूर्वी पुरुष लांब केस ठेवायचे, ते कपाळावर आणून गाठ बांधायचे आणि डोक्यावर ही टोपी. टोपीच्या वर धनेशाची चोच, म्हणजे राज धनेश, ज्याच्या चोचीवर ते मोठं पिवळं शिंगासारखं टोप असतं तो पक्षी. त्याच्या वरच्या चोचीचा भाग टोपीवर बसवायचा, शिवाय पिसं वगैरे.

पुण्यात एका हस्तकला प्रदर्शनात अशी एक टोपी मी हातात घेऊन बघितली आहे. बघणारे सगळे चोचीला हात लावत होते आणि मी पण आधी तेच केलं, पण नंतर टोपी उलटी करून आतून बघितली तेव्हा मला कळलं की खरं काम तिथे आहे. वेताच्या पट्ट्या इतक्या बारीक आणि इतक्या एकसारख्या की बोट फिरवलं तर एकही पट्टी बोटाला टोचत नाही, आकार वाडग्यासारखा, आणि दोन्ही तळहातांमध्ये धरून दाबली तरी हलत नाही. जुन्या काळी अशी टोपी डोक्यावर पडलेला दावचा घाव अडवायची असं सांगतात (दाव म्हणजे तिकडचा कोयता), आणि हातात घेतल्यावर ते पटतं. वेत जंगलातून आणायचा, काटेरी साल सोलायची, दावने उभा चिरायचा, आतला मऊ गर तासून काढायचा, पट्टी सारख्या जाडीची होईपर्यंत तासत राहायचं, चुलीच्या धुरावर ठेवलेला वेत लालसर तपकिरी होतो आणि त्याला कीड लागत नाही. हे काम पुरुषांचं. आणि ती चोच? ती फायबरची होती. वरून पिवळा रंग, काळा पट्टा, टिचकी मारली की पोकळ आवाज.

तर हे प्रकरण त्या फायबरच्या चोचीचं आहे.

राज धनेश किती सावकाश वाढणारा पक्षी आहे हे समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. मार्चच्या सुमारास जोडी एखाद्या उंच झाडाची ढोली निवडते. पक्केच्या भागात (हा अरुणाचलमधला व्याघ्र प्रकल्प, त्याच्याबद्दल पुढे येईलच) हे झाड बहुतेक वेळा टेट्रामेलेस असतं, प्रचंड बुंधा पण लाकूड मऊ. मादी आत जाते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते, विष्ठा, माती, फळांचा चोथा जे असेल त्याने, शेवटी फक्त चोच बाहेर येईल एवढी उभी फट उरते. आत तिची उडायची पिसं गळून जातात, म्हणजे आता ती उडूच शकत नाही. काही महिने ती आत. या महिन्यांत तिचं आणि नंतर पिल्लाचं सगळं खाणं एकटा नर आणतो, उंबर-वडाच्या जातीची फळं गळ्यात साठवून आणतो आणि फटीतून एकेक करून तिच्या चोचीत देतो. अंडी एक किंवा दोन, बहुतेक वेळा एकच पिल्लू बाहेर पडतं. वर्षाला एक.

आता विचार करा, एप्रिल-मे मध्ये कुणीतरी नर मारला. चोच नराचीच मोठी आणि भारी असते, त्यामुळे शिकाऱ्याला पण तोच हवा असतो. गेला एक पक्षी असं आपल्याला वाटतं, पण ढोलीत बंद असलेली मादी आणि पिल्लू दोघंही उपाशी राहतात. एका गोळीत पूर्ण घर जातं. बंदुकी नव्हत्या आणि माणसं कमी होती तेव्हा जंगलाने हे सोसलं असेल. बंदुकी आल्या, रस्ते आले, जंगल कमी झालं, मग तोच रिवाज पक्ष्याला झेपेना. धनेश फक्त चोचीसाठी मारला जात होता असंही नाही, मांस खातात, चरबी औषध म्हणून वापरतात, पिसांना मागणी असते. टोपी हे एक कारण होतं, पण सगळ्यात ठळक, डोक्यावर मिरवलं जाणारं.

कायदा काय म्हणतो हे सगळ्यांना माहीत होतं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आणि राज धनेश त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत. वर हा अरुणाचलचा राज्यपक्षी. पण डोंगराळ जंगलात, जिथे पुढचं गाव अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे, तिथे कायद्याचं पुस्तक कोण उघडणार? आणि समजा वनखात्याने न्योकुमच्या दिवशी (न्यिशींचा मोठा सण, 26 फेब्रुवारीला असतो) गावात शिरून टोप्या जप्त केल्या असत्या तर काय झालं असतं? माझ्या मते दुसऱ्या दिवशीपासून वनखातं त्या गावासाठी संपलं असतं. आपल्याकडे वारीच्या वाटेवर जाऊन कुणी वारकऱ्याच्या गळ्यातली माळ मागितली तर माणसं कशी बोलतील, तसंच ते.

2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पक्केमध्ये वेगळा रस्ता धरला गेला. पक्के व्याघ्र प्रकल्प म्हणजे 862 चौरस किलोमीटरचं जंगल, पश्चिमेला कामेंग नदी, पूर्वेला पक्के नदी, दक्षिणेला लागून आसामचं नामेरी राष्ट्रीय उद्यान. 1977 पासून संरक्षित जंगल आणि 2002 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, मुख्यालय सेइजोसा. इथे धनेशाच्या चार जाती राहतात. अरुणाचलचं वनखातं आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया यांनी मिळून फायबरग्लासच्या चोची बनवून न्यिशी लोकांना द्यायला सुरुवात केली. तिथले त्या वेळचे वनअधिकारी चुखू लोमा यांचं नाव या कामाच्या सुरुवातीशी जोडलेलं आहे.

कल्पना ऐकायला अगदी साधी आहे आणि मला वाटतं म्हणूनच ती भारी आहे. टोपी काढा असं कुणी म्हणालंच नाही. वेत तोच, विणणारा तोच, घालणारा तोच, सण तोच. बदलली फक्त एक वस्तू, आणि ती पण अशी की लांबून फरक कळत नाही. उलट एक गंमत आहे, खऱ्या चोचीचा तो पिवळा रंग पक्षी स्वतः लावत असतो, शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते तिथे चोच घासून घासून, त्यामुळे पक्षी मेला की लावणाराच उरत नाही आणि रंग हळूहळू फिका पडत जातो. फायबरची चोच मात्र वर्षानुवर्षं तशीच पिवळी.

अर्थात ज्याच्या घरी आजोबांची खरी चोच असलेली टोपी आहे त्याला साच्यातून काढलेली चोच तेवढी जवळची कशी वाटेल? टोपीवरची चोच म्हणजे हा माणूस जंगल जाणतो, हा शिकारी आहे, घरातला कर्ता पुरुष आहे याची खूण. ती खूण दुकानातून आणली तर तिचा अर्थ काय उरतो, हा प्रश्न खरा आहे आणि तो झटकून टाकणारे लोक मला आवडत नाहीत. पण एक बघा. चोच टिकाऊ असते, एकदा बसवली की बापाकडून मुलाकडे जाते. जुन्या टोप्या घराघरात होत्याच. नवा पक्षी मरत होता तो नव्या टोपीसाठी, वाढलेल्या घरांसाठी, सभा-समारंभात पाहुण्यांच्या डोक्यावर घालायच्या टोप्यांसाठी. पाहुण्याला दिलेल्या टोपीवर त्याने केलेल्या शिकारीची खूण कशाला हवी? तिथे फायबर अगदी बरोबर बसतं, आणि तिथूनच ते रुळलं असं मला वाटतं. आज नवीन टोप्यांवर बहुतेक ठिकाणी नकली चोचच दिसते.

इथपर्यंत बरेच लोक ही कथा सांगतात आणि थांबतात, छान उपाय सापडला म्हणून. मला मात्र पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण फायबरच्या चोचीने मांसासाठी होणारी शिकार थांबत नाही आणि घरट्याचं झाड पण वाचत नाही.

2006 मध्ये पक्केच्या आसपासच्या गावांतल्या गावबुढ्यांनी मिळून घोरा-आभे सोसायटी केली. गावबुढा म्हणजे गावचा प्रमुख, लाल कोट घालतो, गावातले तंटे त्याच्यासमोर सुटतात, कोर्टापेक्षा त्याच्या शब्दाला किंमत जास्त. या लोकांनी स्वतः शिकारीवर, झाडं तोडण्यावर दंड ठरवले. दंड गावाचा, वसूल करणारा गावचाच माणूस. यात नवीन असं काही नव्हतं, न्यिशींमध्ये वाघ मारणं आधीपासून निषिद्ध आहे, वाघाला ते नात्यातला मानतात, त्यामुळे एखादा प्राणी मारायचा नाही असा नियम समाजाने स्वतःवर घालून घेणं त्यांच्या ओळखीचंच होतं. धनेश त्या यादीत आणायचा होता, आणि ते गावबुढ्याने सांगणं आणि खाकी कपड्यातल्या माणसाने सांगणं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मग 2011-12 पासून घरटं दत्तक योजना सुरू झाली. वनखातं, घोरा-आभे आणि नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशन अशा तिघांची. या फाउंडेशनच्या शास्त्रज्ञ डॉ. अपराजिता दत्ता 1990च्या दशकापासून पक्केमध्ये धनेशांवर काम करतायत, 2013 मध्ये त्यांना व्हिटली पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. योजना अशी की शहरातला माणूस एका घरट्यासाठी पैसे देतो, त्यातून गावातल्या घरटे-राखणदाराला पगार मिळतो. राखणदार कोण, तर त्यातले बरेचसे आधीचे शिकारी. आणि हे योग्यच आहे, कारण कुठल्या झाडाच्या ढोलीत यंदा धनेश शिरलाय, नर कुठल्या बाजूने येतो, कुठल्या फांदीवर आधी बसून इकडेतिकडे बघतो हे शिकाऱ्याइतकं कुणाला माहीत असणार?

राखणदाराचं काम म्हणजे काय ते बघा. मार्चपासून ठरलेल्या झाडांपाशी जायचं, बरंच लांब, झाडीच्या आडोशाला बसायचं, कारण माणूस दिसला की नर घरट्याकडे येतच नाही. बसून राहायचं. आधी पंखांचा आवाज येतो, राज धनेशाच्या पंखांचा आवाज एखादं जुनं वाफेचं इंजिन लांबून यावं तसा असतो, मग नर दिसतो, फांदीवर बसतो, ढोलीपाशी जातो आणि गळ्यातून एकेक फळ वर काढून फटीत देतो. किती वाजता आला, काय आणलं, किती दिली, हे वहीत लिहायचं. झाडाखाली पडलेल्या बिया बघायच्या, कारण मादी आणि पिल्लू खाऊन बिया फटीतून बाहेर टाकतात, खाली बियांचा थर साचतो आणि त्यातून आत काय शिजतंय ते कळतं. नर दोन दिवस आला नाही तर काळीज धस्स होतं. जुलै-ऑगस्टमध्ये लिंपण फुटलं, पिल्लू बाहेर आलं की त्या घरट्याचं वर्ष पूर्ण. या योजनेत राखलेल्या घरट्यांतून आजवर शंभराच्या वर पिल्लं उडाली. 2016 मध्ये तिला भारत जैवविविधता पुरस्कार पण मिळाला.

2015 पासून सेइजोसाला जानेवारीत पक्के पागा उत्सव भरतो. पागा म्हणजे न्यिशी भाषेत राज धनेश. ज्या पक्ष्याची चोच डोक्यावर मिरवायची त्याच्याच नावाने गाव जमतं आणि डोक्यावरच्या चोची फायबरच्या, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात सुंदर चित्र वाटतं. आणि मार्च 2021 मध्ये पूर्व कामेंगमधल्या लुमडुंग गावापासून राज्याचे त्या वेळचे वनमंत्री मामा नातुंग यांनी एअरगन परत करायची मोहीम सुरू केली, लोकांनी आपणहून दोन हजारांच्या वर एअरगन जमा केल्या. एअरगनने राज धनेशापेक्षा छोटे पक्षीच जास्त मरतात हे खरं, पण पोराच्या हातातली पहिली बंदूक हीच असते.

आता हे सगळं का जमलं याबद्दल माझं मत. फायबरची चोच एकटी आली असती तर ती स्टॉलवरची वस्तू होऊन राहिली असती, आणि गावबुढ्यांचा दंड एकटा आला असता तर तरुण पोरांनी तो चुकवायच्या वाटा काढल्या असत्या. चोचीने माणसाचा मान राखला, दंडाने गावाचा शब्द राखला आणि पगाराने शिकाऱ्याच्या घरची चूल पेटती ठेवली. यातला पगाराचा भाग लोक कमी सांगतात, जणू पैसे आले की प्रेम कमी होतं. मला उलट वाटतं. चार महिने जंगलात बसणाऱ्या माणसाला पगार नको तर काय नुसती शाबासकी द्यायची?

कोकणातल्या लोकांना हे पटकन कळेल. आमच्याकडे याच पक्ष्याला गरुड म्हणतात, माडगरुड म्हणतात, आणि संगमेश्वर-देवरुखच्या भागात तो बेहड्याच्या मोठ्या जुन्या झाडांच्या ढोलीत घरटं करतो. तिथे पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने बेहड्याची फळं नीट पद्धतीने गोळा करून गावकऱ्यांना चांगला भाव मिळेल अशी व्यवस्था लावली, मग ते झाड उभं ठेवण्यात झाडाच्या मालकाचाच फायदा झाला आणि वर ढोलीतला गरुड पण राहिला. माणसं वेगळी, टोपीचा संबंध नाही, पण झाड विकणाऱ्यापुढे झाड राखायचं कारण उभं करायचं, हे दोन्हीकडे सारखंच.

आणि झाडाचाच प्रश्न पक्केमध्ये अजून बाकी आहे. दत्तक योजनेतली घरटी व्याघ्र प्रकल्पाच्या आत नाहीत, ती बाहेर, गावांना लागून असलेल्या पापुम राखीव जंगलात आहेत. प्रकल्पाच्या आत पहारा आहे, बाहेर नाही. दत्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाचे फोटो लावून बघितलं तर 2013 ते 2017 या चार वर्षांत पापुममधलं 32 चौरस किलोमीटर जंगल गेलेलं निघालं, मुख्य कारण बेकायदा तोड. शिकारीचा दंड गावबुढा बसवू शकतो, समोरचा माणूस त्याच्या ओळखीचा असतो, पण रात्री लाकूड भरून जाणारा ट्रक थांबवणं त्याच्या हातात नाही. हे काम सरकारचंच आहे आणि ते व्हायलाच हवं, यात दुसरं मत असायचं कारण नाही. राखणदार ज्या झाडाखाली बसतो तेच पुढच्या मार्चला जागेवर नसेल तर त्याने वहीत लिहायचं काय?

आणि मला सारखी आठवते ती टोपीची आतली बाजू. या सगळ्या बातम्यांत, पुरस्कारांत, लेखांत चोचीबद्दल पानंच्या पानं आहेत आणि वेताबद्दल एखादी ओळ. टोपीतली नव्वद टक्के वस्तू वेत आहे. वेत ही काटेरी वेल, ती एकटी उभी राहू शकत नाही, मोठ्या झाडाला काट्यांनी धरून धरून वर चढते, उजेडापर्यंत. म्हणजे ज्या जंगलातलं झाड धनेशाला ढोली देतं त्याच जंगलातली झाडं वेताला आधार देतात. ते झाड ट्रकमध्ये गेलं की दोन्ही गेले. चोचीला पर्याय निघाला, कारण कुणीतरी साचा बनवला. वेताला साचा नाही, आणि तो चिरून, तासून एकसारखी पट्टी काढणारा हात तयार व्हायला वर्षं जातात. पुण्याच्या त्या स्टॉलवर टोपीची किंमत विचारली तर विकणाऱ्या ताईंनी आधी चोच दाखवली, मग म्हणाल्या, विणणारे आता गावात दोघंतिघंच आहेत, वय झालंय, आणि वेत आणायला पूर्वीपेक्षा बराच आत जावं लागतं.